चावीवाला वारल्याची बातमी

आमच्या ह्यांच्या धंद्यात अनोळखी नंबर म्हणजे लक्ष्मी. ओळखीचा माणूस कुलूप उघडायला आयुष्यात बोलावून बोलावून कितीदा बोलावणार? पण ज्याचं दार वाऱ्याने धाडकन लागलं आणि चावी आत राहिली, तो बनियनवर जिन्यात उभा असतो आणि त्याचा फोनही आतच असतो. तो बिचारा शेजाऱ्याच्या, नाहीतर रस्त्याने जाणाऱ्याच्या फोनवरून चावीवाल्याला गाठतो. म्हणून ह्यांचा नियमच होता, फोन वाजला की घ्यायचा. घास हातात असो, अंगाला साबण लावलेला असो. मी ओरडायचे, तर म्हणायचे, "अगं, आपल्याच दाराबाहेर उभं राहणं फार वाईट. माणूस स्वतःच्या घराला परका होतो."

दुकान म्हणजे आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरचा एक गाळा, दोन्ही हात पसरले तर भिंतींना टेकतील एवढा. एका बाजूला शिंपीकाका, दुसऱ्या बाजूला न्हावी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि समोरच्या दारात शिकवण्या घेणाऱ्या बाई. इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याला कुणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. सगळ्यांचा तो चावीवाला. मीही चिडले की तेच म्हणते.

तर ह्या चावीवाल्याने गाड्यांच्या नव्या चाव्या बनवायचं मशीन घेतलं, कर्ज काढून. कर्ज देणारी कंपनी, तिचं काचेचं ऑफिस, कोट घातलेला माणूस, सही करताना चहासुद्धा पाजला त्यांनी. मशीन उत्तम निघालं, त्याला बोल लावणार नाही. पण एका ग्राहकाच्या झडपेची कडी बसवताना हे स्टुलावरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. चावीवाल्याचं मनगट म्हणजे गवयाचा गळा. प्लास्टर निघालं तरी बोटांत जोर येईना आणि हप्ते थकले.

मग फोन सुरू झाले. पहिले काही फोन 'सर, सर' करत आले. मग 'सर' गेलं. मग 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं आणि त्यानंतर आई-बहीण आली. दिवसभर, दर वेळी नव्या नंबरवरून. दुसरा कुणी असता तर त्याने अनोळखी नंबर घेतलेच नसते. पण ह्यांना प्रत्येक वेळी वाटायचं, कुणी जिन्यात अडकलं असेल. घ्यायचे, आणि पलीकडून शिव्यांची लाखोली.

आणि हे ऐकायचे हो! उभं राहून ऐकायचे. "हो साहेब. चुकलं साहेब." मला ते बघवायचं नाही. एकदा मी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आले. "ठेवा तो फोन!"

"असं कसं ठेवू?" हे म्हणाले. "आपण देणं लागतो ना? मग ऐकून नको घ्यायला?"

"देणं पैशाचं आहे. कान कधी गहाण टाकलेत तुम्ही?"

ह्यावर हे हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर हमखास हसणारा माणूस.

शेवटी शेवटी ह्यांनी फोन घेणंच सोडलं. आवाज बंद करून तो कपाटात रजयांच्या खाली ठेवून द्यायचे, जणू तिथे तो गुदमरून मरेल. तशातच मागच्या गल्लीतल्या एका बाईचं प्रकरण झालं. गॅसवर दूध ठेवून कचरा टाकायला बाहेर आली आणि मागे दार लागलं. आत रांगतं मूल. तिने शेजारणीच्या फोनवरून ह्यांना पुन्हा पुन्हा फोन लावला. शेवटी कुणीतरी पहारीने दार फोडलं. मुलाला काही झालं नाही, दूध करपलं तेवढंच. पण दोन दिवसांनी रस्त्यात भेटल्यावर ती ह्यांना म्हणाली, "तुमच्यावर भरवसा होता हो आमचा." रागाने नव्हे, साधंच म्हणाली. त्या दिवशी हे जेवले नाहीत. रात्री अंथरुणावर बसून म्हणाले, "मशीन देऊन टाकतो आणि गाळा सोडतो. गाळ्याच्या मालकाला सोमवारी यायला सांगितलंय."

"मग करणार काय?"

"मला काय येतं दुसरं?" एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्या 'दुसरं काय येतं'ची मला भीती बसली. स्पष्टच सांगते, लाजायचं काय त्यात. हे न्हाणीघरात जरा जास्त वेळ राहिले की मी काहीतरी निमित्त काढून दार वाजवायचे. गच्चीची किल्ली मी माझ्या डब्यात लपवून ठेवली. चावीवाल्यापासून किल्ली लपवणारी शहाणी मीच! पण बाईमाणसाला सुचेल ते ती करते.

त्यात वसुलीवाल्यांचा एक दिवस फोनवर मेसेज आला, "तुझ्या सगळ्या शेजाऱ्यांना कळवलंय, तू कसला माणूस आहेस ते." नंबर काय, पाट्यांवरच असतात. शिंप्याच्या पाटीवर आहे, न्हाव्याच्या आहे, बाईंच्या शिकवणीच्या फलकावर आहे. तेव्हापासून हे मागच्या जिन्याने जायला लागले. आणि शेजारीही बदलले, हे मला दिसत होतं. शिंपीकाका मला बघून मशीनमध्ये डोकं खुपसायचे. न्हावी बोलता बोलता गप्प व्हायचा, आणि न्हावी गप्प होणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. बाई तर मला जिन्यात बघून चक्क परत वर गेल्या. मला इतका संताप आला! इतक्या वर्षांची शेजारीण, तिच्या पोराच्या तापात मी रात्र-रात्र बसले, आणि आज हप्ता थकला तर मी परकी? दिवस फिरले की माणसं फिरतात, असं मनाशी म्हणून मीही त्यांच्याशी बोलणं टाकलं. संकटात माणसं कळतात म्हणतात. मला वाटलं, मला कळली.

शनिवारी दुपारी दाराची कडी वाजली. हे आतल्या खोलीत पडले होते. मी दार उघडलं तर एक मध्यमवयीन माणूस, काखेत हेल्मेट, खांद्याला कंपनीची बॅग. बॅगेवरचं नाव वाचलं आणि माझ्या कपाळावर आठी चढली. पण त्याने मान खाली घातली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "फार वाईट झालं, वहिनी."

मी दार अर्धं लोटून धरलं.

"आत येऊ का? मी भांडायला नाही आलो."

दारात तमाशा नको म्हणून मी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. पाणी दिलं. दारी आलेल्याला पाणी द्यायचं, मग तो यमदूत का असेना. त्याने ते घोटाघोटाने प्यायलं, पेला खाली ठेवला आणि विचारलं, "कधी गेले?"

"कोण?"

तो गोंधळला. बॅगेतून कागद काढून चष्मा लावून बघायला लागला. "हेच म्हणतोय मी ऑफिसात, की काहीतरी घोळ आहे. बघा ना. आमच्या लोकांनी इथे तीन ठिकाणी चौकशी केली. समोर राहणाऱ्या शिक्षिका म्हणाल्या, ते परदेशी बहिणीकडे गेले, परत येणार नाहीत. न्हावी म्हणाला, चावीवाला? ह्या इमारतीत असा कुणी नाही आणि कधी नव्हताच."

ह्यांच्या दुकानाचा बाण त्या न्हाव्याच्याच भिंतीवर रंगवलेला आहे. आणि ह्यांना बहीण नाही. मी तोंडाला पदर लावला. त्याला वाटलं मी रडतेय.

"आणि शेजारचे ते शिंपी," तो अजूनच हळू बोलायला लागला, "त्यांनी सांगितलं, वारले म्हणून. झोपेतच. आमच्याकडची जी मुलगी फोन करते ना, ती तशी कडक आहे. पण ते शिंपी फोनवर इतके रडले, की तीपण रडायला लागली. सगळं ऑफिस गोळा झालं."

"काय म्हणाले शिंपीकाका?" मी विचारलं.

"म्हणाले, माझी बायको गेली तेव्हा तिची ट्रंक कुलूपबंद होती, किल्ली सापडेना. मी म्हटलं तोडून टाक. तर चावीवाला म्हणाला, काका, हे कुलूप काकूंनी स्वतःच्या हाताने लावलंय, तोडायचं नाही. सबंध दुपार ट्रंकेपुढे मांडी घालून बसला आणि कुलपाला ओरखडाही न पाडता उघडलं. वर नवी किल्ली करून दिली. ते कुलूप मी अजून रोज लावतो, म्हणाले. असा माणूस तुम्ही शिव्या घालून मारलात, म्हणाले." वसुलीवाल्याने चष्मा काढून पुसला. "मी नाही हो शिव्या देत. माझं काम घरी जायचं."

डोळ्यांपुढे तो मशीनमध्ये डोकं खुपसून बसलेला म्हातारा आला. मी ज्याला तिरस्कार समजले, ती चोरी पकडली जायची भीती होती. तिघांनी तीन थापा मारल्या होत्या, एकमेकांना न विचारता. तीन तिघाडा, काम बिघाडा. आणि त्यातून आमच्यापुढे नजर उचलायची पंचाईत झाली होती त्यांची!

पण वसुलीवाल्याचं संपलं नव्हतं. "आता कामाचं बोलतो, राग नका मानू. तीन ठिकाणी तीन उत्तरं आली म्हणून मला बघायला पाठवलं. वारले असतील तर वहिनी, तुमच्या फायद्याचं आहे. कर्जाबरोबर विमा उतरवलेला असतो. मृत्यूचा दाखला तेवढा द्या, खातं बंद. तुम्हाला एक पैसा भरावा लागणार नाही. कुणी फोन करणार नाही."

तो बिचारा चांगल्या मनाने सांगत होता. पण आतल्या खोलीच्या दाराला फक्त पडदा होता आणि पडद्यामागे माझा नवरा जागा होता. तुम्ही मेलात की सगळं मिटेल, असं त्याला कुणीतरी कागद घेऊन, हिशेब करून, घरात येऊन सांगत होतं.

"नाही मेले ते!" मी किंचाळलेच. "नाही मेले आणि मी मरू देणार नाही! जळो तुमचा विमा! भांडी विकीन, लोकांची धुणी धुवीन, पण तुमच्या दाखल्यासाठी माझा माणूस देणार नाही! ऐकलंत का हो?"

ते शेवटचं मी वसुलीवाल्याला नव्हतं म्हटलं. मी पडद्याकडे तोंड करून उभी होते.

पडदा हलला आणि हे बाहेर आले. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकीची लावलेली. वसुलीवाला उठून भिंतीला टेकला. ह्यांचा अवतार पाहता त्याला दोष देणार नाही.

"बसा," हे त्याला म्हणाले. "मीच तो."

वसुलीवाल्याची भीती ओसरली तशी वसुली आठवली. घसा साफ करून तो म्हणाला, "म्हणजे हे सगळं नाटक होतं? मग आता पैसे काढा. नाहीतर मशीन उचलावं लागेल आम्हाला."

मी पुढे सरकले, तर ह्यांनी मला हाताने थांबवलं. तोच हात, मनगटाशी अजून बारीक दिसणारा. आणि किती दिवसांनी मी ह्यांचा दुकानातला आवाज ऐकला. शांत, जरा हट्टी. "हे बघा, कुणी मला दार उघडायला बोलावलं ना, की मी आधी विचारतो, आत शिरल्यावर डाव्या हाताला काय आहे? घर ज्याचं असेल तो पटकन सांगतो. नाही सांगता आलं तर मी हत्यारं काढत नाही. तुम्ही देणं मागायला आलात. देणं आहे, नाही कुठे म्हणतोय मी? पण तुम्ही कोण, ते आधी दाखवा. इतके दिवस इतके आवाज मला झापत होते, मी एकालाही विचारलं नाही, बाबा तू कोण. चूक माझीच."

त्या माणसाने निमूटपणे गळ्यातलं ओळखपत्र शर्टाबाहेर काढलं. ते खिडकीशी नेऊन ह्यांनी नीट वाचलं आणि परत दिलं. "ठीक आहे. खरे आहात. मशीन उचलू नका, त्याच्यावरच तुमचं देणं फिटणार आहे. सोमवारी मी स्वतः तुमच्या ऑफिसात येतो. जे बोलायचं ते तिथे, समोरासमोर."

"मग आज मी काय लिहू?"

"लिहा, जिवंत आहे," मी म्हटलं.

त्याने खरंच तसं लिहिलं. बूट घालताना माझ्याकडे बघून म्हणाला, "खरं सांगू वहिनी? बरं वाटलं." आणि हेल्मेट घेऊन जिना उतरून गेला.

पैशाचं म्हणाल तर ते असं एका दिवसात मिटत नसतं. सोमवारी हे पुढच्या जिन्याने गेले. सोबत शिकवणीच्या बाई, कारण तक्रारअर्ज कसा लिहायचा ते त्यांना ठाऊक. कोट घातलेला माणूस आधी टाळाटाळ करत होता. फोनवरची भाषा अर्जात शब्दन् शब्द लिहिलेली वाचली तेव्हा त्याचे कान लाल झाले. हप्ता लहान झाला, मुदत वाढली, शिव्या थांबल्या. गाळ्याच्या मालकाला न्हाव्याने परस्पर सांगून टाकलं होतं की असा कुणी चावीवाला इथे नाहीच, तर गाळा सोडणार कोण? कर्ज अजून फेडतोच आहोत.

पण मला सांगायचंय ते त्या शनिवारचं. वसुलीवाला खाली उतरला तेव्हा शिंपीकाका वर येत होते; सोमवारचं त्याच्याकडून त्यांना जिन्यातच कळलं. माझं किंचाळणं खालपर्यंत गेलं असणार. पायांत चप्पल नाही, गळ्यात टेप, चष्मा कपाळावर. दारात येऊन थांबले. चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता.

"काका," हे म्हणाले, "मला मारलंत तुम्ही?"

"मग काय सांगू?" काका उसळले. ओशाळले की उसळतात ते. "गावाला गेला म्हटलं असतं तर विचारतात कधी येणार. आजारी म्हटलं असतं तर विचारतात कुठल्या दवाखान्यात. वारला म्हटलं की पुढे प्रश्न नाही. मला काय माहीत विमा-बिमा!"

"रडलात म्हणे."

"नाटक केलं."

"काका."

म्हाताऱ्याने चष्मा कपाळावरून काढला, हातात फिरवला. "सुरुवात नाटकानेच केली रे," ते म्हणाले. "मग ट्रंकेचं सांगताना मधेच वाटलं, खरंच असं झालं तर? रोज मागच्या जिन्याने जातोस. शटर लावून अंधारात बसतोस. मला दिसत नाही का? मग आवरेना. त्या पोरीने फोन ठेवला तरी आवरेना."

हे खाली बघत होते. मग माझ्याकडे न बघता, जमिनीशीच बोलावं तसं म्हणाले, "मीपण तोच विचार करत होतो, काका. विम्याचं मला आधीच ठाऊक होतं. कागदावर लिहिलंय."

भीती वेगळी आणि ती खरी निघणं वेगळं. मला रडूही येईना.

उपदेश नाही, रागावणं नाही. काका पुढे आले, गळ्यातली टेप काढली आणि म्हणाले, "हात वर कर."

"काय?"

"शर्ट लोंबतोय अंगावर. असा जाणार त्या काचेच्या ऑफिसात? कर हात वर."

ह्यांनी लहान मुलासारखे दोन्ही हात वर केले. काकांनी छातीला टेप लावली, मग खांद्यांना, मग बाहीला. दुखऱ्या मनगटाशी त्यांचा हात जरा जास्त रेंगाळला. शेवटी टेप गळ्याभोवती घेतली आणि टेप नि गळा यांच्यामध्ये आपली दोन बोटं घातली. बोटं तिथेच ठेवली.

"दोन बोटं सैल ठेवतो," ते म्हणाले. "श्वासाला जागा लागते माणसाच्या."

तेव्हा ह्यांना रडू फुटलं. हात अजून वरच होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मग मीही रडले, पोटभर.

आतल्या खोलीत रजयांखाली काहीतरी घरघरलं. मी डोळे पुसत गेले, फोन बाहेर काढला. अनोळखी नंबर. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे.

"कानाला लाव माझ्या," हे म्हणाले.

मी लावला. मला बाजूने एका बाईचा आवाज ऐकू आला. चढलेला, ओळखीचा, आज मात्र शेवटाशी जरासा चाचरणारा. कंपनीचीच होती. तिला म्हणे आत्ताच कळलं.

"हो," हे म्हणाले. नाक ओढलं, घसा साफ केला. "हो बाई, जिवंत आहे. आता आवाज खाली करून बोला, मी ऐकतो."

काका दोन बोटं तशीच ठेवून उभे होते. मी फोन धरून ठेवला.